पाठीमागचे हात

कांडीवरचा धागा तुटला तर
मी डोळे मिटून गाठ मारते.
वडगावात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.
मान वळवायची नाही, शेजारणीशी बोलणं तोडायचं नाही,
दोन बोटं, जराशी थुंकी, झालं.
वीस वर्षं झाली याला.

आणि स्वतःची वेणी येत नाही.

येत नाही म्हणजे, कधी घालावीच लागली नाही.
आधी आई होती. मग लग्न, मग नीलव्वा.
भिंतीला भिंत लागून, पायरी दोघींत एकच.
सकाळी कामावर जायच्या आधी
ती वरच्या पायरीवर, मी खालच्या,
मग मी वर, ती खाली.
तिची मी सैल घालायचे, तिचं डोकं दुखायचं म्हणून.
माझी ती अशी आवळायची
की भुवया वर चढायच्या,
दिवसभर मी कशाचं तरी नवल वाटल्यासारखी दिसायचे.
जरा हलले की टपली:
"सुम्म कुंडर, शेवंतव्वा."
गप बस.
तिच्या गुडघ्यांमधे बसून मला कानडी आलं,
माझ्या गुडघ्यांमधे बसून तिला मराठी शिव्या.

दिवाळीनंतर मुलानं तिला हुबळीला नेलं.
दोन माग होते, भंगाराच्या भावानं गेले.
पायरी आता सगळी माझी.

आरशासमोर बसले तर
उजवा पेड डावा होतो, डाव्याचं काय होतं कळत नाही.
मानेपाशी बोटं एकमेकांना ओळखतच नाहीत,
लग्नात भेटलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी
तुम्ही कुठले, आम्ही कुठले, करत बसतात.
तोवर खांदे भरून येतात, मधला पेड निसटतो.
चार दिवस बुचडा बांधूनच कामावर गेले.
मालक म्हणाला, काय शेवंताबाई, बरं नाही काय?

तीन पेडांवर कुणी काहीतरी मोठं बोलेल.
आमच्याकडं सीमेवरच्या लोकांना असलं फार सुचतं,
एक पेड मराठी, एक कानडी, वगैरे.
मला नका सांगू.
तीन पेड म्हणजे तीन पेड.
त्यातला डावा विरळ,
विषमज्वर झाला त्या साली गळालेला.

रविवारी फोन लावला.
म्हटलं, मानेजवळचं कसं गं धरायचं? तू कसं करतीस?
म्हणाली, मी कुठं माझी घातली कधी.
मग कुकरची शिट्टी झाली तिकडं,
आणि शिट्टीनंतर:
"कापून टाकले. खांद्यापर्यंत.
इथं कुणाला वेळ हाय?"
हलकं वाटतंय, म्हणाली.
मी म्हटलं, व्हय, वाटत असंल.
माझ्या हातांना तिच्या वेणीची जाडी अजून पाठ होती,
कुठं भरीव, कुठं पातळ,
शेवटाला रिबनचे वेढे किती.

आज पहाटे करंट गेला.
रात्रपाळीचे माग एका दमात थांबले,
गल्लीचे कान रिकामे झाले.
आरसा नुसता काळा.
पायरीवर जाऊन बसले, खालच्या, सवयीनं.
तेलाचा हात फिरवला, भांग बोटानंच पाडला.
हात मागं नेले आणि वाटलं,
हे डोकं तिचं, मी वर बसलेय.
उजवा मधे. डावा मधे. आवळायचं नाही.
मानेपाशी अडतील म्हटलं, अडली नाहीत.
बोळात कुत्रं भुंकलं, माझी मान वळली,
आणि मीच मोठ्यानं म्हणाले,
सुम्म कुंडर.

करंट आला. माग सुरू झाले.
वेणी जरा डावीकडं गेलीय,
मधे एक फुगाही आलाय.
राहू दे.
भुवया जागेवर आहेत.